धूळ, यंत्र आणि आवाज : ‘सर्कल ऑफ डस्ट’ कसा ऐकावा?

आजच्या व्याख्यानासाठी आपण एक आडवाटेचा अल्बम घेतला आहे. ‘सर्कल ऑफ डस्ट’ हा अमेरिकन बँड, आणि त्याच नावाचा त्यांचा पहिला अल्बम. तो १९९२ मध्ये आला. बनवणाऱ्याचं समाधान झालं नाही, म्हणून तोच अल्बम बराचसा नव्याने घडवून १९९५ मध्ये पुन्हा काढला गेला. आणि पुढे २०१६ मध्ये तो तिसऱ्यांदा लोकांसमोर आला. एकाच अल्बमचे तीन जन्म, असं म्हणू या. त्यामागे काय घडलं ते पुढे ओघाने येईलच.

या संगीताला लोक इंडस्ट्रियल म्हणतात, डान्स म्हणतात, रॉक म्हणतात, काही जण मेटलही म्हणतात. आणि या सगळ्याच्या वर आणखी एक पाटी आहे, ‘ख्रिश्चन’. एका दुकानावर इतक्या पाट्या असल्या की गिऱ्हाईक आत शिरायलाच कचरतं. इथेही तेच झालं. श्रद्धाळू लोक दारात येऊन विचारायचे, “यात येशू कुठे आहे?” आणि श्रद्धा नसलेले विचारायचे, “हा प्रचार तर नाही ना?” दोघांनीही फक्त शब्द तपासले. संगीत ऐकायचं राहूनच गेलं.

म्हणून आज आपल्यापुढे प्रश्न आहे तो असा : संगीतात श्रद्धा नेमकी कुठे असते? शब्दांत असते, की आवाजाच्या घडणीतही असू शकते? हा प्रश्न फक्त ख्रिस्ती मंडळींचा नाही हं. अभंग ऐकायला आपण माळकरी असावंच लागतं असं नाही, कव्वालीला डोलायला दर्ग्याचे मुरीद असावं लागत नाही. पण मग आपण नक्की काय ऐकतो? चाल? आवाज? की ज्यावर आपला विश्वास नाही अशा कशाचीतरी आच आपल्यालाही लागते? हा अल्बम या प्रश्नाला बरीच वाट करून देतो, असं आम्हाला वाटतं.

आधी इंडस्ट्रियल म्हणजे काय ते थोडक्यात बघू. १९७६ मध्ये ब्रिटनमध्ये ‘थ्रॉबिंग ग्रिसल’ या गटाने स्वतःची कंपनी काढली आणि तिचं नाव ठेवलं ‘इंडस्ट्रियल रेकॉर्ड्स’. तिथून हा शब्द रुळला. पोलादाच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या शेफिल्ड शहरातून ‘कॅबरे व्होल्तेर’ आले. बर्लिनमध्ये १९८० साली सुरू झालेल्या ‘आइन्स्टुर्झेंडे नॉयबाउटेन’ या गटाच्या नावाचा अर्थच मुळी ‘कोसळत्या नव्या इमारती’ असा आहे. ते पत्रे, लोखंडी कांबी, ड्रिल मशीन अशी सामग्री घेऊन रंगमंचावर उभे राहायचे. या सगळ्यांचं म्हणणं साधारण असं होतं, की कारखान्याने माणसाला घडवलंय, तर संगीतानेही कारखान्यासारखंच वाजावं. गोड चाल लावून ती गोष्ट झाकू नये.

पुढे १९८०च्या दशकात या गोंगाटाला ठेका मिळाला. बेल्जियमचा ‘फ्रंट २४२’, कॅनडाचा ‘स्किनी पपी’, आणि शिकागोत ‘वॅक्स ट्रॅक्स’ या कंपनीभोवती जमलेली मंडळी. सिक्वेन्सर आला, सॅम्पलर आला. सिक्वेन्सर म्हणजे ठोके ठरलेल्या जागी, केसभरही न हलता वाजवणारं यंत्र. सॅम्पलर म्हणजे कुठलाही आवाज पकडून, कापून, हवा तितक्या वेळा परत वाजवणारं यंत्र. दाराचा धाडकन आवाज, हातोडा, सिनेमातला एखादा संवाद, कुणाचं भाषण, काहीही चालेल. ‘मिनिस्ट्री’ने त्याला जड गिटारची जोड दिली. ‘नाइन इंच नेल्स’ने १९८९ च्या ‘प्रिटी हेट मशीन’मध्ये त्याला गाण्याचा आकार दिला, आणि हा प्रकार कॉलेजच्या पोरांपर्यंत पोचला.

आता आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट. या सॅम्पलरचं एक आवडतं सावज होतं, ते म्हणजे धर्मोपदेशकाचा आवाज. त्या काळातली अमेरिका आठवा. टीव्हीवरून प्रवचन करणारे मोठमोठे उपदेशक होते, त्यांचा पैसा होता, त्यांची साम्राज्यं होती. १९८७ मध्ये जिम बेकर यांचं प्रकरण उघडकीला आलं. १९८८ मध्ये जिमी स्वॅगर्ट यांना टीव्हीवर रडत पापाची कबुली द्यावी लागली. आणि हेच स्वॅगर्ट त्याच्या जेमतेम वर्षभर आधी ख्रिस्ती रॉक संगीताच्या विरोधात अख्खं पुस्तक काढून बसले होते! फ्रंट २४२ ने १९८८ मध्येच ‘वेलकम टू पॅरडाइज’ या गाण्यात एका उपदेशकाचा आवाज कापून ठेक्यावर बसवला. मिनिस्ट्रीने १९९२ च्या अल्बमला बायबलमधल्या स्तोत्रांच्या धर्तीवर ‘साम ६९’ असं नाव दिलं, ते अर्थातच टर उडवायला. त्याच अल्बमवर राष्ट्राध्यक्ष बुश यांचा आवाजही कापून वापरला आहे. म्हणजे व्यासपीठावरून बोलणारा कुणीही असो, धर्माचा किंवा सत्तेचा, त्याचा आवाज पकडायचा, तुकडे करायचे आणि तेच तेच बोलायला लावायचं. या संगीताची टीका करण्याची पद्धत ही होती.

त्याच १९९२ मध्ये आपला अल्बम येतो. न्यूयॉर्ककडचा स्कॉट अल्बर्ट नावाचा तरुण, जो पुढे ‘क्लेटन’ या नावाने ओळखला गेला. सर्कल ऑफ डस्ट हे मुख्यतः या एकट्याचंच काम. अल्बम काढला ‘आर.ई.एक्स. रेकॉर्ड्स’ने. ‘बिलिव्हर’ आणि ‘लिव्हिंग सॅक्रिफाइस’ यांच्यासारखे ख्रिस्ती थ्रॅश मेटल बँड काढणारी ही कंपनी. म्हणजे ज्या संगीतप्रकाराने धर्माची वाणी चिरफाड करायला घेतली होती, तोच प्रकार आता एका धार्मिक कंपनीच्या छापाखाली, धार्मिक पुस्तकांच्या दुकानात विकायला येणार होता.

सोपा मार्ग कोणता होता? साचा तोच ठेवायचा आणि मजकूर बदलायचा. ठेका त्यांचा, शब्द आपले. ख्रिस्ती रॉकमध्ये हे भरपूर झालंय. लोकप्रिय बँडसारखा हुबेहूब वाजणारा बँड उभा करायचा, म्हणजे पोरांना बाहेरचं ऐकायची गरजच उरणार नाही. बाजार म्हणून हे चालतं. पण कला म्हणून त्यात एक गोम आहे. घाट हा काही रिकामा डबा नसतो, की आधीचं लोणचं काढलं, धुतला आणि त्यात साखर भरली. वास राहतोच. इंडस्ट्रियलच्या घाटातच एक विधान आहे : माणूस यंत्रात अडकलाय, त्याचा आवाज त्याचा राहिलेला नाही. त्यावर तुम्ही ‘आम्ही मुक्त आहोत’ असे शब्द चिकटवले, तर शब्द एक सांगणार आणि ठेका त्याच्या उलट सांगणार. ऐकणाऱ्याला ते कळतं. नीट सांगता आलं नाही तरी कळतं.

सर्कल ऑफ डस्टचं वेगळेपण आम्हाला इथे दिसतं. या अल्बमने ती विसंगती झाकली नाही. ख्रिस्ती विचाराचे ढोबळमानाने दोन भाग धरा. एक, माणूस पतित आहे, मातीचा आहे, स्वतःच्या बळावर सुटू शकत नाही. दोन, त्याला कृपेने सोडवलं जातं. इंडस्ट्रियल संगीताकडे पहिल्या भागासाठी जबरदस्त भाषा तयार होती. दुसऱ्यासाठी जवळजवळ काहीच नव्हतं. या अल्बमने बहुतेक सारा वेळ पहिल्या भागात काढला. जिथे भाषा आहे तिथेच तो बोलला. आमच्या मते हा त्याचा प्रामाणिकपणा आहे, आणि त्याची ताकदही त्यातच आहे.

नावापासून बघा. ‘सर्कल ऑफ डस्ट’, म्हणजे धुळीचं वर्तुळ. बायबलच्या पहिल्याच पुस्तकात, उत्पत्तीमध्ये, माणूस मातीतून घडवला जातो आणि मातीतच परत जाईल असं त्याला बजावलं जातं. उपवासकाळाच्या पहिल्या बुधवारी कपाळाला राख लावून घेताना वसईपासून न्यूयॉर्कपर्यंतच्या कॅथलिक माणसाला हीच आठवण करून दिली जाते. धुळीतून निघून धुळीपर्यंत, असं ते वर्तुळ. आणि या संगीतातलं मूळ एकक तरी काय असतं? लूप. म्हणजे वर्तुळच. चार मात्रांचा तुकडा फिरून फिरून त्याच जागी येतो. बँडचं नाव आणि त्याच्या संगीताचं तंत्र एकच गोष्ट सांगतात. हे ठरवून झालं असेल किंवा नसेल, पण कानाला ते जुळतं.

आता गाण्यांची नावं घ्या. ‘कॉन्सिक्वेन्स’, ‘पॅरासाइट’, ‘डिमॉरलाइझ’, ‘नथिंग सेक्रेड’, ‘टेक्नॉलॉजिकल डिसगाइझ’, ‘डिझॉल्व्ह्ड’. परिणाम, बांडगूळ, खच्चीकरण, काहीच पवित्र नाही, तंत्रज्ञानाचा मुखवटा, विरघळून गेलेला. स्तुतीगीतांच्या पुस्तकात शोभतील अशी ही नावं नव्हेत! त्यातली दोन नावं तर फारच बोलकी आहेत. ‘रॅशनल लाइज’ म्हणजे तर्कशुद्ध खोटं. पण तेच भरभर म्हणून पाहा, ‘रॅशनलाइझ’ ऐकू येतं, म्हणजे आपल्या वागण्याला मागाहून कारणं चिकटवणं. आणि ‘वनेनिमी’. इथे ‘वन’ आणि ‘एनिमी’ हे दोन इंग्रजी शब्द मधलं एक अक्षर सामायिक ठेवून सांधले आहेत. एकच शत्रू, आणि उच्चार थोडा ओढला तर स्वतःचाच शत्रू. सॅम्पलरवर दोन आवाज जसे कापून जोडतात, तसेच हे शब्द कापून जोडले आहेत. ‘बेड ऑफ नेल्स’, खिळ्यांची शय्या, हे नाव सहज घेता येईल असं आहे. पण ख्रिस्ती ऐकणाऱ्याला खिळे म्हटलं की आधी क्रूस आठवणार. हा दुहेरी अर्थ नावातच बसवलाय, समजावून सांगितलेला नाही.

आणि आवाज. गाणाऱ्याचा आवाज खरखरीत आहे, ओरडून लावलेला आहे, आणि वर तो डिस्टॉर्शनमधून काढलेला आहे. म्हणजे भोंग्यातून यावा तसा चिरकलेला. भक्तिसंगीतात सहसा आवाज सर्वांत पुढे, स्वच्छ ठेवतात. शब्द पोचले पाहिजेत ना. इथे आवाज गिटार आणि ठोक्यांच्या ओळीत जाऊन बसतो. गिटारचे तुकडे इतके काटेकोर येतात, की हात वाजवतोय की यंत्र, याचा पत्ता लागत नाही. सिनेमातल्यासारखे बोलण्याचे तुकडे मध्येच येतात आणि कापले जातात. या सगळ्यात एक माणूस आहे आणि तो धडपडतोय, एवढं मात्र ऐकू येतं. यंत्राच्या ठोक्यापेक्षा त्याचा श्वास किंचित मागेपुढे होतो. आमचं म्हणणं असं, की या अल्बममधली श्रद्धा त्या मागेपुढे होण्यात आहे. यंत्र सगळं गिळत असताना कुणीतरी अजून कुणाला तरी हाक मारतंय. कुणाला, ते सांगायची घाई त्याला नाही.

आता १९९२ आणि १९९५ या दोन रूपांकडे येऊ. पहिल्या रूपात कीबोर्ड आणि नाचाचा ठेका जास्त पुढे आहे. मांडणी काहीशी पातळ वाटते, गिटारला पुरेसं वजन नाही. दुसऱ्या रूपात गिटार जड झाली, आवाजाची घडी आवळली गेली, एकूण निर्मिती पक्की झाली. बहुतेक चाहते १९९५ च्या बाजूने बोलतात, आणि आम्हीही साधारण त्याच बाजूचे. पण एक हिशेब मांडायला हवा. मधल्या तीन वर्षांत नाइन इंच नेल्सचे ‘ब्रोकन’ आणि ‘द डाउनवर्ड स्पायरल’ आले, स्वतः क्लेटनचा १९९४ चा ‘ब्रेनचाइल्ड’ आला, आणि इंडस्ट्रियल म्हणजे जड गिटार असं कानांनी ठरवून टाकलं. १९९५ चं रूप त्या ठरलेल्या कानाला साजेसं आहे. त्यात जोर वाढला, पण नाचातला एक चमत्कारिक विरोधाभास कमी झाला. पहिल्या रूपात तुम्ही पतनाच्या गोष्टीवर चक्क नाचत असता, आणि नाचता नाचता अवघडता. दुसऱ्यात मान हलते, पाय हलत नाहीत. दोन्ही एकापाठोपाठ ऐका आणि तुम्हीच ठरवा.

दोष? आहेत की. सगळा वेळ एकाच पट्टीत ओरडल्याने कान थकतो. अल्बमच्या उत्तरार्धात एक गाणं कुठे संपलं आणि दुसरं कुठे सुरू झालं ते कळेनासं होतं. बोलण्याचे तुकडे काही ठिकाणी खरंच बोचतात, पण काही ठिकाणी ते युक्तिवादाची मेहनत वाचवायला आणल्यासारखे वाटतात. दुसऱ्याचं वाक्य कापून त्याला मूर्ख ठरवणं सोपंच असतं. मिनिस्ट्रीने उपदेशकांशी जे केलं, तेच उलट दिशेने केलं तर ते आपोआप न्याय्य होत नाही. आणि दुसरा भाग, कृपेचा. त्यासाठी भाषा नव्हती हे मान्य, पण ती शोधण्याचा प्रयत्नही कमीच दिसतो. अख्ख्या अल्बममध्ये एखादी शांत जागा, ठेका अर्धा मिनिट थांबलेला, मागे फक्त आवाज, असं असतं, तर त्या पोकळीनेही बरंच काही सांगितलं असतं.

आता पुढची गोष्ट, कारण तिच्याशिवाय तिसरा जन्म कळत नाही. १९९५ मध्ये क्लेटनने ‘आर्गाइल पार्क’ या नावाने ‘मिसगायडेड’ हा अल्बम केला. त्यात ‘फीटस’ या नावाने काम करणारे जे. जी. थर्लवेल यांच्यासारखे ख्रिस्ती वर्तुळाबाहेरचे कलाकार होते, आणि त्यावरून ख्रिस्ती बाजारात नाराजी झाली. म्हणजे पुन्हा पाटीचाच वाद. दशकाच्या मध्यावर आर.ई.एक्स. दिवाळखोरीत गेली आणि या अल्बमचे हक्क अधांतरी लटकले. ज्याने ते संगीत बनवलं त्याच्याकडेच ते राहिलं नाही. १९९८ मध्ये ‘फ्लाइंग टार्ट’ या कंपनीने बँडचा त्या काळातला शेवटचा अल्बम काढला, त्याचं नाव ‘डिसएंगेज’, म्हणजे सुटं होणं, विलग होणं. नावातच निरोप होता. पुढे क्लेटन ‘सेलड्वेलर’ म्हणून नव्याने उभा राहिला. २००३ चा त्याचा पहिला अल्बम सिनेमा आणि व्हिडिओ गेमपर्यंत पोचला. ‘ख्रिश्चन कलाकार’ ही पाटी त्याने उतरवून ठेवली. २००६ मध्ये त्याने ‘फिक्स्ट’ ही स्वतःची कंपनी काढली. मग कधीतरी जुने हक्क परत मिळाले, आणि २०१६ मध्ये सर्कल ऑफ डस्टचे अल्बम नव्याने मास्टर करून, जास्तीच्या ध्वनिमुद्रणांसह बाहेर आले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्या नावाने नवा अल्बमही आला, ‘मशीन्स ऑफ आवर डिसग्रेस’. आमच्या नामुष्कीची यंत्रं. चोवीस वर्षांनीही विषय तोच : माणूस आणि त्याने बनवलेलं यंत्र.

यावर काही श्रद्धाळू चाहते म्हणतात, बघा, पाटी उतरवली म्हणजे श्रद्धा सोडली. काही श्रद्धा नसलेले म्हणतात, बघा, श्रद्धा ही विक्रीची युक्तीच होती. दोघेही पुन्हा पाटीच वाचतायत. कुणा माणसाच्या मनात आज काय आहे, हे ठरवण्याचा अधिकार ऐकणाऱ्याला नाही. त्याने तो घेऊही नये. आपल्या हातात अल्बम आहे. १९९२ मध्ये एका तरुणाने, धर्माची टर उडवणाऱ्या भाषेत, त्या भाषेला न फसवता, माणूस धुळीचा आहे एवढं सांगितलं. ते आजही तिथे ऐकू येतं. पाटी बदलल्याने लूप बदलत नाही.

शेवटी ऐकण्यासाठी तीन गोष्टी सुचवतो. एक, पहिल्यांदा ऐकताना शब्दांच्या मागे लागू नका. आवाज ठोक्याच्या पुढे आहे की मागे, एवढंच बघा. दोन, ‘वनेनिमी’ आणि ‘नथिंग सेक्रेड’ आधी १९९५ च्या रूपात ऐका, म्हणजे कान तयार होईल, आणि मग १९९२ कडे जा. तीन, त्यानंतर त्याच वर्षीचा मिनिस्ट्रीचा अल्बम लावा. एक धर्माची चेष्टा करतो, दुसरा धर्माच्या आतून बोलतो, आणि दोघांची हत्यारं जवळपास तीच. फरक कुठे ऐकू येतो, ते लिहून ठेवा. प्रश्नोत्तरांची सुरुवात आपण तिथूनच करू.